तिसरी सीडी

भिवंडीच्या कामतघर वस्तीत तेव्हा कोणी मरत नव्हतं. म्हणजे माणसं आपापल्या वेळेला जात होती, त्याला काय इलाज! पण कुणालच्या केबलवर शुक्रवारी दुपारी जो पिक्चर लागायचा, त्यात एकही हिरो दगावला नव्हता. ना हिरो, ना हिरॉईन, ना हिरोची म्हातारी आई. ही सगळी गोदू तरेची कृपा.

गोदू म्हणजे कुणालची आई. तिचा नवरा दौलत गेला आणि घरात ती नुसती भिंतीला टेकून बसायला लागली, तेव्हा कुणालने तिला उचलून केबलच्या खोलीत आणून बसवलं. खोली कसली, वऱ्हाळा तलावाच्या बाजूच्या बिल्डिंगवर गच्चीत बांधलेलं पत्र्याचं खोकं. आत तारांचं जंजाळ, एक टीव्ही, एक सीडी प्लेयर, एक कॉम्प्युटर, एक फोन आणि एक लाकडी खुर्ची. कुणालला वाटलं, आईचा वेळ जाईल, चार माणसांचे फोन घेईल. आईने महिन्याभरात खोली ताब्यात घेतली. कुठला पिक्चर लावायचा ते ती ठरवणार, आवाज किती ठेवायचा ते ती ठरवणार, आणि मध्येच कुणी फोन करून गाणी लावा म्हणालं तर, ‘तुमच्या घरचं लगीन हाय काय?’ असं विचारून ती फोन आपटणार.

शुक्रवार हा भिवंडीतल्या लूमच्या सुट्टीचा वार. आठवडाभर खडाखड चालणारे माग त्या दिवशी गप्प असतात, आणि लूमवरची माणसं आंघोळ करून, तेल लावून, जेवून टीव्हीसमोर बसतात. म्हणून शुक्रवारचा पिक्चर म्हणजे काही साधी बाब नव्हती. बाहेर थेटरात तिकीट काढून बघितलेल्या पिक्चरला लोक वाट्टेल ते बोलतील, पण शुक्रवारच्या पिक्चरवर शेवटचा शब्द गोदूचा.

आणि शब्द म्हणजे अगदी शब्दच. टीव्हीच्या खालच्या बाजूने केबलवाल्याची पट्टी सरकते ना? ‘चि. अमक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा’, ‘तपकिरी बकरी हरवली आहे’ वगैरे? त्या पट्टीवर गोदू आपली मतं टाकायची. तिला कॉम्प्युटर येत नव्हता, पण सून भाविका चांगली बारावी झालेली, फटाफट टाइप करायची. गोदू बोलायची, भाविका हसू दाबत बोटं चालवायची.

‘हिरोची आई झकास काम करते. हिरो ठीक.’

‘आता बराच वेळ नुसती मारामारी आहे. कपडे वाळले असतील तर काढून आणा.’

‘हिरॉईनने भाकरी थापली ती खोटी. नखं बघा.’

‘हे गाणं कशाला घातलं ते आम्हालाही कळलं नाही.’

लोक खो खो हसायचे. पिक्चर रटाळ असला तरी पट्टीसाठी बसून राहायचे. एका सोनाराने तर कुणालला गळ घातली की माझी जाहिरात काकींच्या मतानंतर लगेच सोडा, तेव्हा सगळ्यांचे डोळे खालीच असतात. गोदूने ती सोडली, पण आधी दुकानात जाऊन नथी बघून आली.

आता तिसऱ्या सीडीची गोष्ट. त्या काळी एक पिक्चर तीन सीड्यांवर यायचा. पहिलीत प्रेम जमणार, दुसरीत भानगड होणार, तिसरीत निकाल लागणार. गोदूचं मत असं की पहिल्या दोन सीड्या म्हणजे पिक्चर आणि तिसरी म्हणजे फुकटचा ताप. शेवट गोड दिसत असेल तर ठीक, ती लावायची. पण दुसऱ्या सीडीच्या शेवटी कुणी खोकलं, किंवा हिरो उगाचच फार आनंदात दिसला, किंवा मागे बासरी वाजायला लागली, की गोदू ओळखायची. बासरी वाजली रे वाजली की तिचा हात बटणावर गेलाच.

“तुमाला कसं कळतं आई? पुढे बघितलंय का?” भाविकाने एकदा विचारलं.

“बघायचं कशाला? वास येतो मना. लोकं आठवड्यातून एक दिवस दोन घास सुखाचे खातात, त्यांच्या ताटासमोर मढं कशाला ठेवू? माज्या केबलवर कोनी मरनार न्हाय. बस.”

मग ती काय करायची? त्याच हिरोचा दुसरा एखादा पिक्चर शोधायची आणि त्यातलं लग्न लावून द्यायची. खरंखुरं, वाजतगाजत. कधी हिरॉईन बदलायची, कधी हिरोची मिशी जायची. एखादा फोन यायचा, “चाची, ये लडकी तो दूसरी है!” गोदू शांतपणे सांगायची, “मेकअप किया है, शादी है ना!” समोरचा म्हणायचा, हां, ये भी सही है. इतक्या विश्वासाने माणसं बघत होती की गोदूला कधी वाटलंच नाही आपण काही चुकीचं करतोय.

पण ट्रक ड्रायव्हरच्या पिक्चरने घोळ घातला.

पिक्चर असा होता. हिरो ट्रकचा ड्रायव्हर, हिरॉईन शाळेत बाई. तो तिच्यासाठी गावोगावची खेळणी आणतो, ती शाळेतल्या पोरांना वाटते. भिवंडीच्या माणसांना ट्रक दिसला की तो घरचाच वाटतो. पहिली सीडी संपली तेव्हा गल्लीतली माणसं हिरोला जावई करून मोकळी झाली होती. दुसऱ्या सीडीत हिरोच्या छातीत एकदा कळ आली. गोदूने कान टवकारले. मग तो दिवाळीला परत येतो म्हणून निघाला, जाता जाता नको तितका हसला, आणि बासरी!

“आयो! मेला हा,” गोदू म्हणाली आणि सीडी काढली.

त्याच हिरोचं एक लग्न तिच्याकडे होतं, पण त्यात त्याला पोलिसाचा ड्रेस होता. आता ड्रायव्हर एकदम पोलीस कसा दाखवायचा? गोदूने जरा डोकं खाजवलं आणि भाविकाला सांगितलं, “लिव. हिरोला पोलिसात नोकरी लागली.”

भाविकाने लिहिलं. कामतघरात काय आनंद झाला म्हणता! बायकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीवर रात्रंदिवस मरणाऱ्या पोराला सरकारी नोकरी मिळाली, यापेक्षा गोड शेवट कुठल्या मोठ्या डायरेक्टरला सुचला असता? एका घरातून तर खरोखर साखर वाटली.

सगळ्यात खूश झाली कमळी. ही मूळची शेलार गावाकडच्या पाड्यावरची. लूमवर कांड्या भरायला यायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. गोदूची जिवाभावाची मैत्रीण. शुक्रवारी शेजारणीच्या घरी टीव्ही बघायची आणि शनिवारी कारखान्यात कांड्या भरता भरता अख्खा पिक्चर गाण्यांसकट सांगायची. त्या शनिवारी तिने ड्रायव्हरची गोष्ट सांगितली, आणि पोलिसाच्या नोकरीपाशी आली तेव्हा शैलेशने मध्ये तोंड घातलं.

शैलेश त्या कारखान्यातला जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. माणूस कामाला चोख, पण मिशीला पीळ देत बोलायची वाईट खोड.

“कुठली नोकरी? तो मेला. मी पडघ्याला बहिणीकडे पूर्ण पिक्चर बघितलाय.”

“तू झोपला असशील,” कमळी म्हणाली.

“झोपलो न्हाय, रडलो.”

कारखाना हसला. कमळी पेटली. तिने स्वतःच्या डोळ्यांनी लग्न बघितलं होतं, त्यात हळद होती, वरात होती, हिरोच्या खांद्यावर पट्ट्या होत्या. शब्दाने शब्द वाढला आणि चहाच्या टपरीवर पैज लागली. हिरो जिवंत निघाला तर शैलेशने मिशी काढायची. मेला तर कमळीने कारखान्यातल्या सगळ्या खात्याला सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी खाऊ घालायची. निकाल द्यायला सगळं लटांबर निघालं ते थेट केबलच्या खोलीवर.

गोदूने गच्चीवर चढणारी माणसं बघितली आणि ती खुर्चीतून उठली.

“गोदूबाय,” कमळी धापा टाकत म्हणाली, “सांग याला. हिरो मेला का जगला?”

गोदूने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कमळी मोठ्या भरवशाने तिच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर खोटं बोलायचं गोदूच्या जिवावर आलं.

“मना काय ठावं,” ती पुटपुटली. “मी बघितला न्हाय.”

आवाज ऐकून खालून कुणाल आला. त्याने पिक्चरचं पाकीट उघडलं. पहिल्या दोन सीड्यांवर ओरखडे आणि तेलाची बोटं, तिसरी कोरी करकरीत. त्याने दुसरं पाकीट उघडलं, तिसरं उघडलं. बऱ्याच पाकिटांत तेच. कुणालने कपाळाला हात लावला.

“आई, तू इतके दिवस लोकांना अर्धे पिक्चर दाखवतेस?”

“अर्धे कशाला? मी लगीन लावते ना!”

“कोणाचं कोणाशी लावतेस?”

शैलेश मोठ्याने हसला, बाकीचेही हसले. कमळी मात्र हसली नाही. ती म्हणाली, “मी तुज्या जिवावर अख्ख्या खात्यात भांडले गो,” आणि जिना उतरून गेली. तेवढं एक वाक्य गोदूला फार लागलं.

माणसं पांगल्यावर कुणालने निकाल दिला. येत्या शुक्रवारी ड्रायव्हरचा पिक्चर पूर्ण दाखवायचा, तिन्ही सीड्या. आणि त्यानंतर खोली भाविका सांभाळेल.

“तू मना काढतस?” गोदूने विचारलं.

“काढत नाही गं. आता घरी आराम कर.”

आराम! त्या एका शब्दाने गोदूचं तोंड कडू झालं. दौलत गेल्यावर सगळे तिला तेच सांगत होते, आणि आराम करून करून ती जवळजवळ संपली होती. या खोक्यात येऊन ती पुन्हा माणसांत आली. इथे ती बोलली की गल्ली हसायची. खुर्ची गेली की परत ती भिंत आणि ती. तिने कुणालशी वाद घातला नाही. तिला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

“शुक्रवारी सीडी मी लावीन,” एवढंच ती म्हणाली. “मंग जाते.”

शुक्रवार उजाडला. लूम बंद होते, चिटपाखरूही रस्त्यावर नव्हतं. पैजेची बातमी फुटल्यामुळे सगळी गल्ली टीव्हीला चिकटली होती. गोदूने नवी साडी नेसली होती. निरोपाच्या दिवशी तरी नीट दिसावं, असा तिचा हिशोब. भाविका कॉम्प्युटरवर तयार बसली, पण आज गोदू काही सांगेना. पहिली सीडी झाली, दुसरी झाली. छातीत कळ आली, हिरो हसला, बासरी वाजली. गोदूचा हात सवयीने बटणाकडे गेला.

“आई,” कुणाल दारातून म्हणाला.

तिने हात मागे घेतला. तिसरी सीडी उचलली, पदराने पुसली, आत ढकलली आणि खुर्चीच्या कडेवर बसून डोळे किलकिले करून बघायला लागली.

आता काय सांगावं! हिरो दिवाळीला खरोखर परत येतो. गाडी दारात लावतो, पायरीवर बसतो. हिरॉईन धावत चकली आणून देते. तो अर्धी चकली खातो, म्हणतो, जरा कडक झाली गं. ती रागावून म्हणते, उशिरा आल्यावर कडकच मिळणार. तो हसतो, मान दाराच्या चौकटीला टेकवतो आणि जातो. बासरी नाही, किंचाळणं नाही, वीज नाही. हिरॉईनला कळतं. ती त्याच्या बाजूला बसते आणि त्याच्या हातातली उरलेली अर्धी चकली खाते.

गोदू रडली. टिपं गाळणं वेगळं. ही हुंदके देऊन, नाक ओढत, नव्या साडीचा पदर खराब करत रडली. दौलत गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती. तो दवाखान्यात होता आणि ती त्याच्यासाठी पेज घेऊन रिक्षात. कल्याण नाक्यावर ट्रक आडवा आला होता, रिक्षा हलेना. ती पोचली तेव्हा त्याच्या तोंडावर चादर होती. मग घर माणसांनी भरलं, चहा टाका, भात टाका, पाव्हण्यांना झोपायला द्या. दिवस झाले, तेरावं झालं, आणि रडायचं राहूनच गेलं. त्याचं शेवटचं कसं झालं, हे तिने कुणाला विचारलंही नाही. भीती वाटत होती तिला.

“कुणाल,” ती टीव्हीकडेच बघत म्हणाली, “तुजा बाबा जाताना काय बोलला?”

कुणाल दचकला. मग तिच्या खुर्चीशेजारी खाली बसला. तो ही गोष्ट उराशी धरून होता आणि आईने कधी विचारलं नाही म्हणून बोलला नव्हता.

“म्हणाला, तुझी आई पेज आणतेय ना, मीठ घालायला विसरलेली असणार. विचार तिला. आणि हसला.”

गोदूने त्याच्याकडे बघितलं. “विसरले होते,” ती म्हणाली, “खरंच विसरले होते रे!” आणि रडता रडता तिला जे हसू फुटलं ते आवरेना. कुणालही हसला. भाविका बिचारी कॉम्प्युटरसमोर बसून दोघांसाठी एकदमच रडत होती.

मग फोन वाजायला लागला. कुणालने उचलला.

“भाऊ, ये क्या दिखाया? बच्चा रो रहा है, बच्चे की अम्मा भी रो रही है!”

दुसरा फोन, “काकींना द्या. काकी कुठे आहेत? हा असला शेवट आम्हाला नको.” तिसरा फोन सोनाराचा. त्याची जाहिरात हिरो गेल्या गेल्या लागली होती आणि बायकोने त्याला घरात फैलावर घेतलं होतं. चौथा शैलेशचा. पैज जिंकूनही त्याचा आवाज भरून आला होता. “काकी, दुसऱ्यांदा जास्त त्रास झाला. पुढच्या वेळेला तुम्ही आपलं लग्नच लावा.” ज्यांनी ज्यांनी हिरो मेला का जगला म्हणून गच्ची डोक्यावर घेतली होती, त्या सगळ्यांना आता आपली पोलिसाची नोकरी परत पाहिजे होती.

कुणालने फोन बाजूला काढून ठेवला आणि डोकं खाजवलं.

“आई, राहा तू इथेच. लोकांना तुझाच शेवट पाहिजे.”

बाकी कोणी असतं तर हुरळून खुर्चीत ऐसपैस बसलं असतं. गोदूने नाक पुसलं आणि पदर खोचला.

“राहते. पन शेवट मी कापनार न्हाय.”

“अगं, आता लोकच म्हणतायत!”

“लोकांना काय कळतं? मना तरी कुठे कळत होतं? काय सुंदर मेला रे तो! इतका चांगला भाग मी पाकिटात ठेवत होते. आता ज्यांना बघायचं न्हाय त्यांनी आपला टीव्ही बंद करावा. बटन त्यांच्या घरी बी हाय. भाविका, लिव.”

आणि पट्टीवर सरकलं: ‘पिक्चर एक नंबर. कालपर्यंतचं आमचं मत चुकीचं होतं. पुढच्या शुक्रवारीही तिसरी सीडी लावणार. कोणी मरेल असं वाटतंय. बघा नाहीतर बंद करा.’

पुढचा शुक्रवार आला तो एका फौजीचा पिक्चर घेऊन. फौजी फार हसत होता, तेव्हा काय होणार ते शेंबडं पोरसुद्धा सांगू शकत होतं. दुसरी सीडी संपत आली. गोदू उठून गच्चीच्या कठड्याशी गेली. लूम बंद, म्हणून चाळीचाळीतले टीव्ही वरपर्यंत ऐकू येत होते. सगळीकडे तीच बासरी. आता एकेक आवाज बंद होणार, असं धरून ती उभी राहिली. लोक खरंच बंद करतील, तर मग ती कोणासाठी लावणार होती?

जिन्यावर पावलं वाजली. कमळी वर आली. हातात डबा, चेहरा फुगलेला. आल्या आल्या तिने डबा टेबलावर आपटला. पैजेच्या चटणीतला गोदूचा वाटा होता तो, आणि रागाच्या भरात त्यात मीठ जरा जास्तच पडलं होतं.

“तू बंद न्हाय केलास?” गोदूने भीत भीत विचारलं.

“बंद कशाला करू? मेला का जगला ते नको कळायला?” कमळी म्हणाली. “पन मना एकटीला न्हाय बघवत गो. म्हणून वर आले.”

गोदूने पाकिटातून सीडी काढून आत ढकलली, खुर्चीवर अर्धी जागा केली, आणि दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून फौजी कधी मरतो ते बघायला लागल्या.